मृगातला ढग आणि दासगावचा डोंगर

“तारा जन्माला कसा येतो ते बघायला तुमच्याकडे यंत्र आहे. आमचा डोंगर कधी खाली येईल ते सांगायला नाही. असं का, बाय?”

मामांनी हा प्रश्न रागाने विचारला नव्हता. चौतीस वर्षं प्राथमिक शाळेत शिकवलेला माणूस विचारतो तसा, उत्तर मिळेपर्यंत थांबायच्या तयारीने विचारला होता. फेब्रुवारीतली रात्र, दासगावच्या घराची पडवी, खिंडीतून गिअर बदलत चढणाऱ्या ट्रकांचा आवाज. माझी धाकटी बहीण पुण्यात महासंगणकावर तारे आणि ग्रह कसे घडतात याची सिम्युलेशनं करते. मामांना आपलं काम दाखवावं म्हणून तिने लॅपटॉप उघडला होता. त्या रात्री दोघांचं जे बोलणं झालं ते आठवेल तसं इथे लिहितो आहे, कारण दोघांचंही म्हणणं अजून माझ्या डोक्यातून जात नाही.

पडद्यावर आधी नुसता केशरी धूर होता. तो हलला, कापसासारखा पिंजला गेला. त्याचे तंतू झाले आणि गवताच्या पात्यावर दव धरावं तसे त्या तंतूंवर ठिपके उजळले. दोन ठिपके एकमेकांभोवती गरगरले, तिसरा जवळ आला आणि भिरकावला जाऊन पडद्याबाहेर गेला. बघता बघता संपलं.

“हे माझं नाही,” बहीण म्हणाली. “इंग्लंडमध्ये मॅथ्यू बेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2002 मध्ये केलेलं आहे. आमच्या क्षेत्रात येणारा प्रत्येक जण आधी हे बघतो. आपल्या सूर्याच्या पन्नासपट वस्तुमानाचा वायूचा ढग घ्यायचा. तापमान शून्याखाली 263 अंश. त्याचे 35 लाख कण मानायचे आणि प्रत्येक कणावर बाकीच्यांची ओढ आणि दाब किती, ते काढत राहायचं. दोन लाख सहासष्ट हजार वर्षं तुम्ही आत्ता पाहिलीत, मामा. यंत्राला त्यासाठी एक लाख प्रोसेसर-तास लागले. एकाच प्रोसेसरवर काम टाकलं असतं तर अकरा वर्षांच्या वर चाललं असतं.”

“आणि निघालं काय?”

“तारे आणि तारा होता होता राहिलेले तपकिरी बटू, मिळून पन्नासेक. एकटा तारा क्वचितच जन्मतो, घोळक्यात जन्मतो. जन्मल्या जन्मल्या भांडणं, ढकलाढकली. ज्याला ढगातून लवकर बाहेर फेकलं त्याची वाढ खुंटली, तो बटू राहिला.”

मामा जरा थांबले. “गोष्ट चांगली आहे. पण ही गोष्टच. तू नियम घातलेस, यंत्राने ते पाळले आणि चित्र काढलं. मी मुलांना फळ्यावर भागाकार करायला लावायचो. उत्तर बरोबर आलं तरी मांडणी चुकीची असू शकते. तुझी मांडणी बरोबर आहे हे कोणी ठरवलं?”

हा प्रश्न मला त्यांच्या पहिल्या प्रश्नापेक्षाही मोलाचा वाटतो. यंत्र महाग असलं, आकडे डोळे दिपवणारे असले की हा प्रश्न विचारायचं आपण विसरतो.

बहिणीने उत्तर द्यायच्या आधी वेगळंच विचारलं. “मामा, दिवा दुप्पट लांब नेला तर उजेड किती होतो?”

“पाव.”

“गुरुत्वाकर्षणही तसंच, दुप्पट अंतराला पाव ओढ. 1941 मध्ये स्वीडनमध्ये एरिक होल्मबर्ग नावाचा खगोलशास्त्रज्ञ होता. संगणक नव्हताच. त्याला बघायचं होतं की दोन दीर्घिका एकमेकींजवळून गेल्या तर काय होईल. त्याने टेबलावर विजेचे दिवे मांडले, एका दीर्घिकेचे 37, दुसरीचे 37. एकेका दिव्याच्या जागी प्रकाश मोजणारा फोटोसेल ठेवायचा, कोणत्या दिशेने किती उजेड येतो ते बघायचं. जितका उजेड तितकी ओढ. मग हिशेब करून दिवा तेवढा सरकवायचा. असे सगळे 74 दिवे. मग पुन्हा पहिल्यापासून.”

मामांच्या चेहऱ्यावर उजेड पडला तो मी पाहिला. त्यांनी तिला होल्मबर्गचं नाव पुन्हा सांगायला लावलं. शाळेत असते तर दुसऱ्या दिवशी वर्गात पणत्या मांडल्या असत्या.

“आम्ही तेच करतो,” ती म्हणाली. “दिव्यांऐवजी कोट्यवधी कण. आणि मांडणी बरोबर की चूक ते आकाश ठरवतं. तरुण ताऱ्याभोवती धुळीची चकती असते, तिच्यात ग्रह वाढला तर तो आपल्या वाटेवरची धूळ झाडून पट्टा मोकळा करतो, हे गणित जुनं आहे. 2014 मध्ये चिलीतल्या आल्मा दुर्बिणीने वृषभ राशीतल्या एचएल टाऊ या ताऱ्याचं चित्र दिलं. दहा लाख वर्षांचाही नसेल असा तारा, आणि त्याच्या चकतीत पट्टे!”

“पट्टे दिसले. ग्रह दिसला?”

“तिथे नाही. पट्टा दुसऱ्या कारणाने पडला असेल असं म्हणणारेही आहेत. पण 2018 मध्ये पीडीएस 70 नावाच्या ताऱ्याच्या चकतीत मोकळ्या जागेत खुद्द ग्रहच सापडला, अजून वाढत असलेला.”

“मग ठीक,” मामा म्हणाले. मास्तरांनी ‘ठीक’ म्हणणं म्हणजे दहापैकी सात.

आम्ही अंगणात आलो. मृग बराच वर आला होता. त्याच्या पोटातल्या बाणाचे तीन तारे कोणालाही ओळखता येतात. त्यांच्या खाली एक धूसर ठिपका आहे, डोळे सरावले की दिसतो. तो तारा नाही, ढग आहे. साधारण तेराशे प्रकाशवर्षांवरचा, आणि त्यात या क्षणी तारे घडत आहेत. नव्वदच्या दशकात हबल दुर्बिणीने त्यातल्या कोवळ्या ताऱ्यांभोवतीच्या चकत्या पाहिल्या.

“मृगाने पाऊस सुरू होतो एवढं आम्हाला ठाऊक,” मामा म्हणाले. “सूर्य मृगात आला की पेरणी. मृगाच्या पोटात तारे पेरलेत हे तू सांगितलंस.” मग आवाज उतरला. “पण बाय, मी मृगाला आता पेरणी म्हणून नाही बघत. मृग लागला की मी मागे बघतो.”

मागे डोंगर होता. अंधारात फक्त त्याची कड दिसत होती.

जुलै 2005 मध्ये महाड तालुक्यात दासगाव, जुई, कोंडिवते आणि रोहन इथे दरडी कोसळल्या. चार गावं मिळून माणसं गेली ती दोनशेच्या आसपास. मामांनी ज्यांना बाराखडी गिरवायला शिकवली होती त्यांतलीही काही होती. त्यानंतर दासगावचे दरडग्रस्त वर्षानुवर्षं पत्र्याच्या शेडमध्ये राहिले. 22 जुलै 2021 ला याच तालुक्यात तळिये गेलं, ऐंशीच्या वर माणसं. त्याच पावसात पोलादपूर तालुक्यात केवनाळे आणि साखर सुतारवाडीवर दरडी आल्या. हा सगळा हिशेब मामा तारखांसकट सांगतात, तेव्हा समोरच्याने मधे बोलू नये.

पडवीत परत आल्यावर वाद खरा सुरू झाला.

“पैशाचं बोलू,” मामा म्हणाले. “ताऱ्यांसाठी महासंगणक घेतले ते कितीला?”

“26 सप्टेंबर 2024 ला तीन परम रुद्र सुरू झाले. एक पुण्यात, रेडिओ दुर्बिणीच्या कामासाठी, एक दिल्लीत, एक कोलकात्यात. तिन्ही मिळून 130 कोटी. त्याच दिवशी हवामानासाठीचे दोन सुरू झाले, अर्क आणि अरुणिका. त्यांचा प्रकल्प 850 कोटींचा. अर्क पुण्यातच आहे, पाषाणला. ताऱ्यांनी तुमच्या तोंडचा घास नाही काढला, मामा. पावसाला आमच्या सहापट दिलंय.”

“किती वेगाने मोजतो तो अर्क?”

“11.77 पेटाफ्लॉप्स. सेकंदाला...” ती अडखळली.

“एकं, दहं, शतं, सहस्र,” मामा बोटं मिटत गेले. “दशसहस्र, लक्ष, दशलक्ष, कोटी, दशकोटी, अब्ज, खर्व, निखर्व, महापद्म, शंकू, जलधी, अंत्य, मध्य, परार्ध. एकावर किती शून्यं?”

“एका पेटाला पंधरा.”

“म्हणजे अंत्य. आणि तुझा अर्क सेकंदाला एक मध्याहून थोडा जास्तच. भास्कराचार्यांनी नावं देऊन ठेवली, वापरायला तुम्ही आलात.” त्यांना याचा मनापासून आनंद झाला होता. पण मुद्दा त्यांनी सोडला नाही. “सेकंदाला एक मध्य गणितं, आणि आम्हाला कळतं काय? रायगड जिल्ह्याला रेड अलर्ट. उरणलाही रेड, पोलादपूरलाही रेड. उरणच्या माणसाने छत्री घ्यायची आणि पोलादपूरच्या माणसाने घर सोडायचं, दोघांना एकच रंग.”

बहीण काही क्षण गप्प राहिली. मग तिने जे सांगितलं ते मला तोवर ठाऊक नव्हतं.

“मामा, तुम्ही मघाशी पाहिलंत ते सिम्युलेशन ज्या पद्धतीने केलंय तिला एसपीएच म्हणतात, स्मूद्ड पार्टिकल हायड्रोडायनॅमिक्स. 1977 मध्ये ती दोन ठिकाणी एकाच वेळी सुचली. लिऑन लुसीला एकट्याला, आणि गिंगोल्ड व मोनॅहन या जोडीला. लुसीचा प्रश्न होता, जन्माला येणारा तारा फिरता फिरता फुटून त्याचे दोन होतात का. ताऱ्याला भिंत नाही, भांडं नाही, तो पसरतो, चिरतो, तुटतो. त्यावर चौकटी आखून हिशेब बसेना. म्हणून त्यांनी चौकटीच टाकून दिल्या आणि वायूचे कण मोकळे सोडले. पुढे मोनॅहननेच 1994 मध्ये ती पद्धत पाण्याला लावली, फुटलेल्या धरणाचं पाणी कसं धावेल ते काढायला. आज जगभर तीच पद्धत दरडीला लावतात. चिखल, दगड, झाडं यांचा लोंढा उतारावरून कुठवर जाईल, कोणत्या घरापाशी थांबेल, ते काढायला. ताऱ्यासाठी शोधलेलं गणित आहे ते.”

मामा काही बोलले नाहीत.

“आणि कारणही तेच आहे,” ती पुढे म्हणाली. “ढग स्वतःच्या वजनाने आत कोसळायला बघतो, आतला दाब त्याला धरून ठेवतो. जेम्स जीन्सने 1902 मध्ये दाखवलं की एका मर्यादेपुढे ढग मोठा झाला किंवा थंड झाला की दाब कमी पडतो आणि कोसळणं सुरू होतं. आपला डोंगर म्हणजे खाली काळा कातळ, वर मुरूम आणि लाल माती. माती उताराला घट्ट धरून असते. पाऊस मुरत जातो, कातळाच्या वर साचतो, आणि साचलेलं पाणी मातीला आतून उचलायला लागतं. पकड सुटली की झालं. दोन्हीकडे आधार सुटण्याचाच हिशेब आहे.”

“मग कर की हिशेब!” मामा जवळजवळ ओरडले. मामी आतून बाहेर आली. “पद्धत आहे, यंत्र आहे, पुण्यात आहे. दासगावचा हिशेब कर ना.”

“करता येत नाही.”

“का?”

“कारण मला सुरुवात माहीत नाही.”

या वादाचं सगळं सार या एका वाक्यात आहे असं मला वाटतं. ताऱ्याचं काम करणाऱ्याला एक मोठी मुभा असते. माझ्या बहिणीला एखादा ठरावीक ढग जसाच्या तसा नको असतो. ती म्हणते, असा ढग घेऊ, एवढं तापमान मानू, आणि हजार ढगांतून साधारण किती तारे, किती ग्रह निघतात ते बघू. निघालेली गोळाबेरीज आकाशाशी जुळली तर पद्धत बरोबर. दासगावला गोळाबेरीज चालत नाही. इथे हाच डोंगर, हीच रात्र, हीच वाडी. माती किती खोल आहे, पाणी कुठवर चढलंय, गेल्या तीन दिवसांत याच उतारावर किती पडलाय, हे मोजलेलं नसेल तर मध्य काय आणि परार्ध काय, यंत्र पोकळ हिशेब करणार.

“2025 च्या मे महिन्यात भारत फोरकास्ट सिस्टिम सुरू झाली, अर्कवर चालते,” बहीण म्हणाली. “आधी अंदाजाची चौकट 12 किलोमीटरची होती, आता 6 ची. ऐकायला निम्मी. पण चौकट निम्मी केली की लांबीत दुप्पट, रुंदीत दुप्पट चौकटी लागतात, आणि पावलंही दुप्पट जवळ टाकावी लागतात. काम आठपट. आमच्याकडे उंचीचीही चौकट निम्मी होते, म्हणून सोळापट. तरी सहा किलोमीटरच्या चौकटीत दासगाव, खाडी, डोंगर, पलीकडची गावं सगळी एकाच आकड्यात बसतात. आणि पाऊस तसा पडत नाही. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला चोवीस तासांत 944 मिलिमीटर पडला. त्याच चोवीस तासांत कुलाब्याला 73. एकाच शहरात!”

“आणि वर काय पडतो ते?” मामी म्हणाली. ती बोलली की मामाही थांबतात. “सावित्रीला पूर आमच्या पावसाने नाही येत. महाबळेश्वरला पडतो तो येतो. खाली भरती असली की पाणी जायला वाट नाही.”

“22 जुलै 2021 ला महाबळेश्वरला 594 मिलिमीटर होता,” बहिणीने सांगितलं. “एक मिलिमीटर म्हणजे एका चौरस मीटरवर एक लिटर. एका गुंठ्यावर साठ हजार लिटर, मामी. सहा टँकर, एका दिवसात, प्रत्येक गुंठ्यावर.”

आम्ही सगळेच ते मनात उभं करू पाहत होतो.

“आम्हाला मोजमाप नसलं तरी कळायचं,” मामा म्हणाले. “झऱ्याचं पाणी गढूळ होतं. जमिनीला भेग पडते. झाड वाकतं. नसलेल्या जागी पाणी फुटतं. म्हातारी माणसं सांगायची. ते तुझ्या यंत्रात कुठे आहे?”

“नाही. ते यायला हवं. मी तेच म्हणतेय. देशाचं दरड पूर्वानुमान केंद्र 2024 मध्ये कोलकात्यात सुरू झालं. पहिली पत्रकं निघाली ती दार्जिलिंग, कालिम्पाँग आणि निलगिरीसाठी, कारण तिथे डोंगरांची माहिती आधी गोळा झाली होती. जिथे मोजलं होतं तिथे यंत्र उपयोगी पडलं.”

“म्हणजे तारे सोडून इकडे ये, हे माझं म्हणणं बरोबर.”

“नाही, मामा.” ती ठाम होती. “1977 मध्ये लुसीला कोणी म्हटलं असतं, तारे सोड, दरडीचं बघ, तर दरडीसाठीची ही पद्धत त्याला सुचलीच नसती. चौकट मोडायची गरज ताऱ्यात पडली. आजही आम्ही अडतोय तिथे काहीतरी निघेल. बघा ना, धुळीपासून खडा होतो ते समजतं. मीटरभराचा धोंडा झाला की चकतीतल्या वायूच्या विरोधाने तो शंभरेक वर्षांत ताऱ्यात जाऊन पडायला हवा. मग ग्रह झालेच कसे? 2005 मध्ये उत्तर सुचलं आणि दोन वर्षांनी सिम्युलेशनमध्ये ते घडताना दिसलं. खडे एकेकटे असले तर वाहून जातात, जवळजवळ आले की त्यांना विरोध कमी होतो, ते हळू होतात, मागून येणारे त्यांना मिळतात. घोळका इतका दाट होतो की स्वतःच्या वजनाने त्याचा डोंगराएवढा गोळा होतो.”

“पऱ्या उतरताना आम्ही हात धरून जातो तसं,” मामी म्हणाली. “एकटा गेला की गेला.”

बहिणीने तिच्याकडे पाहिलं आणि म्हणाली, हे मी माझ्या पुढच्या व्याख्यानात सांगणार.

मामा अजून मानायला तयार नव्हते, आणि त्यांनी मानू नये असंच मला वाटतं. “एक फरक राहतोच, बाय. तुझा तारा चुकला तर तू पुन्हा रन लावतेस. आमचं चुकलं तर आम्ही नसतो. तू ताऱ्याचं कर, मी नको म्हणत नाही. पण तुझ्या पद्धतीला जे लागतं ते आम्हाला कोणी सांगितलंच नव्हतं. आम्ही समजत होतो यंत्र नाही. यंत्र आहे. मोजणारा नाही.”

“हो,” ती म्हणाली. “मोजणारा नाही.”

रात्री उशिरा झोपायला गेलो तेव्हा तो लॅपटॉप पडवीतच होता. मामा एकटेच तो धूर पुन्हा बघत होते.

मे संपता संपता बहिणीने पुण्याहून एक साधा पर्जन्यमापक पाठवला. वर नरसाळं, आत बाटली, सोबत काचेचं मोजपात्र. मामांनी तो अंगणात उघड्यावर, माडापासून आणि पागोळ्यांपासून लांब, ओट्यावर पक्का बसवला. हवामान खात्याची वेळ सकाळी साडेआठची, तीच त्यांनी धरली. शाळेच्या जुन्या हजेरीपटाच्या कोऱ्या पानांवर ते रोज तारीख आणि मिलिमीटर लिहितात. शेजारचा रकाना त्यांनी स्वतः घातला आहे. झऱ्याचं पाणी: स्वच्छ की गढूळ.

एका अंगणातल्या आकड्याने डोंगराचा हिशेब होत नाही. महाड आणि पोलादपूरमध्ये डोंगराच्या पायथ्याला शाळा नसलेलं गाव विरळा. त्या प्रत्येक शाळेत असा एक पर्जन्यमापक हवा, सकाळी साडेआठला तो वाचणारी दोन मुलं हवीत आणि तो आकडा रोज तहसीलपर्यंत आणि पुण्यापर्यंत पोहोचायला हवा. पाषाणचं यंत्र सुरू आहे. हे वाचणाऱ्यांत कोणी शिक्षक असेल, सरपंच असेल, तर पुढच्या मृगाच्या आत एवढं करा.